बाकाचं डावं टोक

३० ऑक्टोबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. मोठे कोच लिहितात असं ऐकलंय. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला बसलं तर बिचाऱ्याची शोधाशोध नको. तोवर कुणाला दाखवायची नाही.

काल क्रोट्टेनश्लागला पोचलो. धुकं, कार्प माशांची तळी, पुन्हा धुकं, आणि त्यात कुठेतरी फुटबॉलचं मैदान. टीम तक्त्यात खालून दुसरी. म्हणजे वर जायला भरपूर वाव. करार जूनपर्यंत. प्लॅन असा: नाताळपर्यंत मधला नंबर, जूनपर्यंत पहिल्या पाचांत, पुढच्या वर्षी व्हिएन्नाहून फोन.

क्लबचा अध्यक्ष गॉटफ्रीड श्टेल्झर. तळी त्याचीच. हस्तांदोलन गार आणि ओलं. लायसन्स आणलंस ना, असं तीनदा विचारलं. कोचचं लायसन्स असलेला माणूस बाकावर नसला तर असोसिएशन दंड करते म्हणे. माझ्या खेळाबद्दल एक अक्षर नाही. भारावून गेला असणार. साहजिक आहे. एगॉन वुर्झिंगर, बारा वर्षं व्हिएन्नात पहिल्या डिव्हिजनला, आणि एकदा राष्ट्रीय संघात, हंगेरीविरुद्ध, शेवटची चार मिनिटं. माझ्या बाजूला बॉल आलाच नाही. म्हणजे माझी बाजू सुरक्षित होती. पेपरवाल्यांना हे कधी दिसलं नाही.

कोच म्हणून हा पाचवा क्लब. आधीचे चार तात्त्विक मतभेदांमुळे सोडले. मतभेद त्यांचे होते.

कँटीनमध्ये एका म्हाताऱ्याचा फोटो, त्याला काळी रिबीन, खाली मेणबत्ती. इग्नाझ केर्शबाउमर. माझ्या आधीचा कोच, मार्चमध्ये वारला. येणारा जाणारा प्रत्येक जण फोटोकडे बघून मान हलवतो. माझ्याकडे बघून कुणी हलवत नाही. आठवड्याभरात तो फोटो कोपऱ्यात गेला पाहिजे. मेणबत्तीने भिंत काळी होते.

३१ ऑक्टोबर

पहिलं ट्रेनिंग. सुरुवातीला जिंकण्याच्या मानसिकतेवर भाषण केलं. मुलं मन लावून ऐकत होती. डिफेन्समधले दोघे तर डोळे मिटून.

मग बाकावर बसलो, डाव्या टोकाला. पोरांनी बॉल जिथल्या तिथे सोडला. गोलकीपर धावत आला आणि, अगदी नम्रपणे, जरा सरकायला सांगितलं. बघतो तर लाकडाला तिथे खळगा पडलेला, आणि बाजूला एक जुना थर्मास. रिकामा.

गॉटफ्रीडने मागून खुलासा केला. इग्नाझ बावीस वर्षं तिथेच बसला आणि तिथेच गेला. दुसऱ्या हाफमध्ये, टीम एका गोलने पुढे असताना. मॅच संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो एरवीही बोलत नसे. बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचा, तेवढंच.

सरकलो. घाबरून नाही, आदर म्हणून. उजव्या टोकावरून मैदान जास्त चांगलं दिसतं. मधे एक खांब येतो, तो सोडला तर.

१ नोव्हेंबर

सर्व संतांचा दिवस, मेलेल्यांच्या आठवणीचा. अख्खं गाव दफनभूमीत, टीम क्लबच्या जाकिटात. मला वाटलं, हार ठेवायचा आणि घरी. कसलं काय. कॅप्टन लोरेन्झ (इलेक्ट्रिशियन, मान जाड, बोलणं कमी) टोपी काढून इग्नाझच्या थडग्यासमोर उभा राहिला आणि त्याने रिपोर्ट दिला. मागच्या मॅचचा स्कोअर, तक्त्यात कुठे आहोत, आणि रविवारी कोण कोण खेळणार. आधी त्याने मी काल दिलेली टीम वाचली. वाचून झाल्यावर गप्प उभा राहिला, मान डोलावली, आणि चार नावं बदलली.

मी खोकलो. गॉटफ्रीडने मला खोकल्याची गोळी दिली.

आता मेलेल्या माणसाशी काय वाद घालायचा? शिवाय ती चार नावं माझ्याही मनात होतीच.

इग्नाझची बायको, रोझविताबाई, फाटकाजवळच उभी होती. थडग्यापर्यंत आली नाही. मेणबत्ती हातात, न पेटवलेली, तशीच घेऊन परत गेली. नवराबायकोचं पटत नसावं.

५ नोव्हेंबर, मॅचनंतर

कोट घालूनच लिहितोय. थंडी आहे.

दुसरा हाफ, शून्य-शून्य. मी घसा फोडून ओरडत होतो, डावीकडून वर चढा. ढिम्म. आणि एकदम शिट्टी. एक आखूड, एक लांब. अख्खी टीम उजवीकडे वळली, बॉल मधे आला, गोल. मी डाव्या टोकाकडे बघितलं. थर्मास होता. बाकी कुणी नव्हतं. बाजूला बसलेल्या बदली खेळाडूला विचारलं, ऐकलंस का? तो म्हणाला, हो, ऐकलं की. जसं काही ट्रॅक्टर गेला.

एक-शून्य जिंकलो. कोच म्हणून इथली पहिली मॅच, पहिला विजय. कँटीनमध्ये सगळ्यांनी फोटोकडे ग्लास उंचावले. मी नेमका फोटोखालीच उभा होतो, त्यामुळे त्यातलं काही माझ्याही वाट्याला आलं.

१५ नोव्हेंबर

एवढं धुकं की माझा पाय मला दिसेना. ट्रेनिंग घेतलं, पण कुणाचं ते सांगता येणार नाही. दोनदा शिट्टी झाली. दोनदा धुक्यात पावलांचे आवाज एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेले आणि मी मधे एकटा. मानेवर कुणीतरी श्वास सोडल्यासारखं वाटलं. मफलर होता बहुतेक.

लोरेन्झला गाठलं. शिट्टी कुणाची? त्याने दोन ओली बोटं चड्डीला पुसली आणि विचारलं, कुठली शिट्टी? थंडीत बोटं तोंडात घालून ऊब घ्यायची सवय असेल. इलेक्ट्रिशियन लोकांच्या हातांना जपावं लागतं.

ज्या खानावळीच्या वर राहतो तिची मालकीण, हॉल्झलबाई, सांगत होती की इग्नाझच्या शिट्टीने लहानपणी दुसऱ्यांच्या गायीसुद्धा गोठ्यातून बाहेर यायच्या. मी लिंझचा माणूस, वडील पोलाद कारखान्यात इंजिनिअर. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. खोलीतला दिवा चालू ठेवतो तो वाचनासाठी.

१९ नोव्हेंबर

शरद मोसमातली शेवटची मॅच हरलो. आज शिट्टी झाली नाही. (लोरेन्झ तापाने घरी होता.) मैदान जड, रेफरी शेजारच्या गावाच्या जावयाचा भाऊ, मधे खांब. तक्त्यात खालून दुसरे. म्हणजे घसरण थांबवली.

संकल्प: हिवाळ्यात शिस्त. शनिवारी जादा ट्रेनिंग. लोरेन्झ म्हणतो त्याला दर शनिवारी झांक्ट प्योल्टन शहरात जायचंय. प्रेमप्रकरण दिसतंय. मी अडवणार नाही. खेळाडूंची मनं सांभाळणं हाही कोचिंगचा भाग.

२७ डिसेंबर

पाच तारखेला हॉलमधली टूर्नामेंट. जर्सी किती दिवसांत धुतल्या नाहीत कोण जाणे. कुणालाही सांगा, उत्तर एकच, सहा जानेवारीनंतर बघू. का, तर सांगत नाहीत, नुसते खिडकीकडे बघतात. शुद्ध आळस. शिस्त वरून खाली झिरपते, म्हणून स्वतः धुतल्या. दोन गोलपोस्टमध्ये दोरी बांधली आणि पांढऱ्या जर्सी, पांढऱ्या चड्ड्या ओळीने टांगल्या. वारा सुटल्यावर टीम हवेत उभी राहून नाचतेय असं दिसत होतं. मजा वाटली.

रस्त्याने एक म्हातारी येत होती. थांबली, छातीवर क्रूसाची खूण केली, आल्या पावली परत गेली. स्नो काढायचा ट्रॅक्टर थांबला, ड्रायव्हरने टोपी काढली, आणि तोही वळून गेला. या गावाने माझ्यासमोर पहिल्यांदाच टोपी काढली.

२८ डिसेंबर

सकाळी दोरी रिकामी. एक मोजासुद्धा नाही. बर्फात पावलं होती पण अर्धी भरलेली. बराच वेळ गोलपोस्टला धरून उभा राहिलो.

हॉल्झलबाईंनी नाश्त्याबरोबर तोंडाचा पट्टा सोडला. नाताळापासून तीन राजांच्या दिवसापर्यंतच्या, म्हणजे सहा जानेवारीपर्यंतच्या, बारा रात्री मेलेले लोक वाऱ्यावरून फिरतात. दोरीवर पांढरं कापड दिसलं की त्यात अडकतात, आणि कफन समजून घेऊन जातात. मग त्या घरातलं एक माणूस वर्षात जातं. हे इथे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही माहीत असतं.

“एक चादर टांगली तरी एक माणूस जातं. तू तर अकरा जण टांगलेस, वर बदली खेळाडू.”

माझी पाचावर धारण बसली. शास्त्रीयदृष्ट्या नाही, पण बसली.

दुपारी दारावर टकटक. रोझविताबाई, हातात टोपली. सगळ्या जर्सी, वाळलेल्या, इस्त्री केलेल्या. उजाडायच्या आत तिने उतरवल्या होत्या. गोठून ताठ झाल्या होत्या, सरपणासारख्या उचलून आणाव्या लागल्या, आणि मग चुलीपाशी वाळवल्या. मला वाटलं, कोचबद्दल आदर. आभार मानले. ती जिन्यातच उभी राहिली, आत येईना.

“गेल्या वर्षी मी टांगली होती,” ती म्हणाली. “एकच चादर. बहीण राहायला येणार होती. इग्नाझ म्हणाला, टांग गं, कोण बघतंय. मार्चमध्ये तो गेला.”

मी टोपली हातात घेतली. लायसन्सच्या कोर्सला हे नव्हतं.

“मॅचला माझ्याने येववत नाही, कोच. थडग्याशीही जाववत नाही. त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?”

गावात मला कोच म्हणणारी ही पहिलीच. त्यामुळे असेल, मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, बाई, तो रागावलेला नाही. दर मॅचला येतो. शिट्टी मारतो. रागावलेला माणूस टीमला गोल कशाला मिळवून देईल?

तिने विचारलं, कशी मारतो? मी मारून दाखवली, एक आखूड, एक लांब. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि एप्रनमध्ये तोंड लपवून रडली. बराच वेळ. माझ्या शिट्टीत सूर कमी पडला असेल. मी टोपली धरून शेजारच्या पायरीवर बसून राहिलो. मलाही काहीतरी झालं, पण ते इथे लिहीत नाही.

५ जानेवारी

टूर्नामेंट. त्या जर्सी घालायला एकही तयार नाही. शेवटी गॉटफ्रीडने तव्यात निखारे आणि धूप घालून हॉलच्या पार्किंगमध्ये प्रत्येकाला धुरी दिली. मलाही दिली. मला जरा जास्त वेळ दिली. आत गेल्यावर हॉलभर चर्चचा वास. समोरचा गोलकीपर खोकत होता तेवढ्यात आम्ही दोन गोल केले. बाकीच्या मॅच हरलो. धूर ओसरला होता.

लोरेन्झ आजही वही घेऊन काहीतरी पाठ करत होता. प्रेमपत्र पाठ करतात हे नवीनच.

१६ मार्च

वसंत मोसम सुरू. माझी नवी पद्धत सुरू. तिला ‘संवाद’ असं नाव दिलंय. मॅचच्या आधी डाव्या टोकाला हळूच विचारतो, आज काय करू या? मग माझं काम, हाताची घडी घालून शांत राहणं. योग्य क्षणी शिट्टी होते. दोन मोठे कोच, एक बाक, अहंकार शून्य. आज तीन-एक.

कुंपणापाशी रोझविताबाई. पहिल्यांदाच आली. शिट्टी झाली की डोळे मिटत होती. शेवटी हसली. मी तिच्याकडे बघून हात हलवला. ती बाकाकडे बघत होती, पण तेही त्याच दिशेला होतं.

व्हिएन्नाच्या माझ्या जुन्या क्लबला नव्या पद्धतीबद्दल लिहिलं.

६ एप्रिल

सलग तिसरा विजय. आता मुलं मला ट्रेनिंगमध्ये त्रास देत नाहीत. मी जिथे उभा असेन तिथून बॉल वळवून नेतात. परवा सराव सामन्यात दोन मुलं बोलत बोलत माझ्या दोन बाजूंनी गेली, खांब टाळून जावं तशी. हॉल्झलबाई माझ्यापुढे सूप ठेवायला विसरली. व्हिएन्नाचं उत्तर नाही.

ट्रेनिंग संपल्यावर एकटाच बाकावर बसलो होतो. धुकं उतरत होतं. डाव्या टोकाला म्हटलं, तू मेलास ते कुणाला कळलं नाही, ठीक आहे. पण जिवंत होतास ते तर कळत होतं ना? ते कसं जमवलंस?

उत्तर आलं नाही. तो फक्त मॅचबद्दल बोलतो.

२० एप्रिल

आज स्वच्छ ऊन होतं. स्वच्छ बघितलं. लोरेन्झने दोन बोटं तोंडात घातली आणि त्याच क्षणी शिट्टी झाली. त्याने बोटं काढली, शिट्टी थांबली. पुन्हा घातली, पुन्हा झाली.

नीट विचार करायला हवा. समजा, शिट्टी लोरेन्झची. मग टीम लोरेन्झचं ऐकते. मग थडग्यापाशी टीम बदलली तीही त्यानेच. मग ऑक्टोबरपासून या गावात एकाही माणसाने माझा एकही शब्द ऐकलेला नाही. हे काही शक्य नाही. बारा वर्षं पहिल्या डिव्हिजनला खेळलेल्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच नाही.

म्हणजे शिट्टी इग्नाझचीच, फक्त तोंड लोरेन्झचं. मला माध्यम केलं नाही कारण मी पदाने बरोबरीचा. इथे विषय संपला.

रोझविताबाईला यातलं काही सांगायचं नाही. कधीच नाही. आज ती कुंपणापाशी नव्हती, नवऱ्याच्या थडग्याशी फुलं लावत होती, असं गॉटफ्रीड सांगत होता.

८ जून, संध्याकाळ

वाचलो. शेवटची मॅच, दोन-एक, खालची डिव्हिजन टळली. पहिल्या पाचांत नाही, पण वाचणं हेही एक तंत्र आहे.

मॅच संपल्या संपल्या सगळे चिखलाच्या बुटांनी दफनभूमीत. लोरेन्झने रिपोर्ट दिला, त्याचा आवाज फुटला. रोझविताबाई अगदी थडग्याला टेकून उभी होती. तिने मेणबत्ती लावली आणि दगडावर हात ठेवून काहीतरी म्हणाली. मला मागे नळापाशी जागा मिळाली. तिथून डोकी दिसत होती.

मग मैदानावर परत, टीमचा फोटो. पेपरसाठी. सगळे दोन रांगांत, मधोमध एका माणसाची जागा मोकळी सोडलेली. मी न सांगता जाऊन उभा राहिलो. खांदे मागे, हनुवटी वर. लोरेन्झ हळूच म्हणाला, एगॉन, जरा बाजूला हो ना. मी विचारलं, डावीकडे की उजवीकडे? त्याने माझ्या हातात कॅमेरा दिला. तुझा हात स्थिर असतो, म्हणाला.

ते मात्र खरं आहे.

११ जून

गॉटफ्रीडने जेवायला बोलावलं. बटाट्याचे गोळे, स्मोक्ड कार्प. मी पुढच्या मोसमाचा प्लॅन टाइप करून नेला होता. त्याने त्यावर भांडं ठेवलं. म्हणाला, तुला सांगायचं राहून जायला नको, पुढच्या वर्षी कोच घ्यायचा नाही असं ठरलंय. लोरेन्झ शनिवारच्या कोर्सला जात होता, त्याचं लायसन्स आलंय, तेव्हा दंडाचाही प्रश्न नाही.

मी म्हटलं, “अरे, पण कोचशिवाय टीम चालणार कशी?”

त्याने गोळा फोडला, मला वाढला. “या वर्षी चालली की.”

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा मारायला समोर कुणीतरी लागतं. मी दोन गोळे खाल्ले, छान झालेत म्हणालो. निघताना त्याने एक अख्खा कार्प कागदात बांधून दिला.

१४ जून, बसमध्ये

स्टॉपवर रोझविताबाई आली होती. नवा पेपर हातात दिला. म्हणाली, “फोटो छान आलाय, कोच.” बस सुटेपर्यंत थांबली.

पान अकरावर आहे, चार कॉलम. सगळे नीट आलेत, एकाचाही डोळा मिटलेला नाही. मधे ती मोकळी जागा. खाली नावं, मागची रांग, पुढची रांग, मधे प्रशिक्षक कै. इग्नाझ केर्शबाउमर. मग अध्यक्ष. मग जर्सी धुणाऱ्या म्हणून रोझविताबाई. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग बातमी वाचली. मग शेजारची डुकरांच्या प्रदर्शनाची बातमीही वाचली, माझं नाव चुकून तिकडे गेलं असेल म्हणून.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मग फोटोच्या कडेला, उभ्या बारीक अक्षरांत, एक ओळ दिसली. पेपर आडवा धरावा लागला. छायाचित्र : खाजगी.

तो मी.